टायनी टोपाझची संस्कार आजी

माणिकबाईच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू असायचं, आणि त्या कुंकवापायीच ती वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी मास्तरीण झाली. खरं म्हणजे कुंकवाखाली एक वण होता. लहानपणी घरच्या बकरीनं शिंग मारलं होतं, तो झाकायला ती एवढं मोठं कुंकू लावायची. पण प्ले-स्कूल चालवणाऱ्या रागिणी मॅडमला हे कोण सांगणार? त्यांना ते कपाळावरचं तेज वाटलं.

माणिकबाई बडनेऱ्याच्या अलीकडच्या एका खेड्यातली. नवरा शालिकराम दोन एकरांत मेथी, वांगी, पालक काढायचा, दसऱ्याच्या आसपास झेंडू. ती रोज सकाळी ऑटोत गठडं टाकून अमरावतीला यायची आणि एका नव्या कॉलनीत कडुनिंबाखाली पोतं अंथरून बसायची. समोरच टायनी टोपाझ प्ले-स्कूलचं फाटक. देवाशी तिचं नातं भक्तीचं नव्हतं, भांडणाचंही नव्हतं. भावकीतल्या माणसाशी असतं तसं होतं. लग्नकार्यात भेट व्हायची, अडलं की हाक मारायची, आणि काम झालं नाही तर दोन शिव्या हासडायच्या. त्यानंही कधी वाईट वाटून घेतल्याचं तिच्या ऐकण्यात नव्हतं.

जुलैत शाळा सुरू झाल्या तेव्हा चंदन नावाचं साडेचार वर्षांचं पोरगं रोज फाटकाला घोरपडीसारखं चिकटून बसायचं. आई ओढायची, आया ढकलायची, पोरगं सुटत नसे. एक दिवस माणिकबाईनं बसल्या जागेवरून आवाज दिला.

"काय गा, तू मारुतीचा भाऊ हायेस काय? तोही असाच होता. सूर्याले संत्रं समजून गिळाले गेला. मंग काय झालं ठाऊक हाय?"

चंदननं रडं थांबवलं. "काय झालं?"

"तोंड भाजलं. म्हून त थोबाड तसं हाय त्याचं, फुगलेलं. आता आत जाय, बाकीची गोष्ट सुट्टी झाल्यावर."

पोरगं मुकाट्यानं आत गेलं. रागिणी मॅडम हे गॅलरीतून पाहत होत्या.

त्या वेळी मॅडमच्या डोक्याला वेगळाच ताप होता. मागच्या गल्लीतल्या दुसऱ्या शाळेनं पितांबर नेसणारे एक गुरुजी आणून श्लोकांचा तास सुरू केला होता. त्यामुळे प्रवेशाला आलेले आईबाप आता तीनच गोष्टी विचारायचे: आरओचं पाणी आहे का, सीसीटीव्ही आहे का, आणि संस्कार आहेत का? पहिल्या दोन गोष्टी दुकानात मिळतात. तिसरी कुठून आणावी, या विवंचनेत असतानाच समोर हे कुंकू, हे नऊवारी लुगडं आणि ही मारुतीची गोष्ट. आठवडाभरात फाटकावर नवा फलक लागला: 'आमच्याकडे अनुभवी संस्कार आजी.'

"अनुभव कायचा, बाप्पा?" माणिकबाईनं विचारलं.

"तुम्ही किती पोरं वाढवली?"

"चार. दोन बरे निघाले."

"झालं मग," मॅडम म्हणाल्या.

सोमवार, बुधवार, शुक्रवार, साडेदहा ते अकरा. शाळेनं तिला पांढरी, सोनेरी काठाची साडी दिली आणि एक यादी दिली. यादीत प्रामाणिकपणा, आज्ञापालन, नम्रता असं लिहिलं होतं. माणिकबाई चौथी शिकलेली. तिनं यादी वाचली, घडी घातली आणि सुपारीच्या पिशवीत ठेवून दिली. अर्धा तास भाजीवर लक्ष ठेवायला शाळेच्या आयाला बसवलं.

पहिल्या सोमवारी तिच्यासमोर बावीस पोरं होती. तिनं गणपतीची गोष्ट काढली. गणपती पोटभर मोदक खाऊन उंदरावर बसून निघाला, उंदीर अडखळला, गणपती आपटला, आणि वरून चंद्र फिदीफिदी हसला.

"गणपतीले लागलं काय?" एकीनं विचारलं.

"लागलं ना. पण पडल्याचं दुख कमी असते, कोनी हासलं त्याचं जास्त."

"एवढे मोदक खाल्ले, त मंग शी कोठी केली?" चंदनचा प्रश्न.

दारात उभी असलेली ताई खोकली. माणिकबाईला मात्र प्रश्नात वावगं काही दिसलं नाही. ज्याला पोट आहे त्याला पुढचंही असणारच.

"जथी सारेच करतेत तथी. देव झाला म्हून काय पोट बंद असते काय?"

"अन् देव दिसत काहून नाही?"

"ते मले नाही ठाऊक. मी त भाजी इकतो."

पोरांना हे फार आवडलं. मोठ्या माणसाला एखादी गोष्ट ठाऊक नाही, हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

दुसऱ्या आठवड्यात माणिकबाईला वऱ्हांड्यात एक पोरगी दिसली. स्टुलावर एकटी बसून एकाच निळ्या खडूनं कागद रंगवत होती. यशोधरा तिचं नाव. बाप किशोर वानखडे, बडनेऱ्याला रेल्वेत नोकरीला. त्यानं मॅडमला सांगितलं होतं की आमच्या घरी बुद्ध आणि बाबासाहेब. गणपती-मारुती आम्ही मानत नाही, मुलीला ते शिकवू नका. मॅडमनी त्यावर सोपा उपाय काढला होता: संस्काराच्या तासाला पोरगी बाहेर.

"हे काय केलं इनं? कोनाले चावली काय?" माणिकबाईनं आयाला विचारलं.

"नाही वं माय. तिचा देव येगळा हाय."

माणिकबाईनं आत जाऊन बावीसची एकवीस झालेल्या पोरांकडे पाहिलं आणि सतरंजीचं टोक धरून ओढलं. "चाला रे, बाहीर. आत गरम होऊन रायलं." वर्ग वऱ्हांड्यात आला, यशोधराच्या स्टुलाभोवती बसला. त्या दिवशी तिनं कावळ्या-चिमणीची गोष्ट सांगितली. मॅडम येऊन म्हणाल्या, यात देव कुठे आहे? माणिकबाई म्हणाली, "आज त्याले सुट्टी देल्ली."

पण सुट्टी काही कायमची नव्हती. श्रावण लागला. पोरं रोज घरच्या पूजेच्या बातम्या आणू लागली: आमच्याकडे शिरा होता, आमच्याकडे पंचामृत सांडलं. चंदनच्या घरी येत्या रविवारी सत्यनारायण होता, आणि त्याला त्याची गोष्ट आधीच हवी होती. माणिकबाईनं ती शेकडो वेळा ऐकलेली. तिनं सांगितली, वऱ्हांड्यातच, यशोधराच्या देखत.

"कलावती नावाची एक पोरगी होती. तिचा नवरा अन् बाप काही गुन्हा नसताना जेलात पडले होते. लय दिसांनी सुटले, नावेत बसून गावाले आले. कलावती पूजेत बसली होती. नवरा आला म्हणल्यावर ते जे धावली, ते थेट नदीवर. शिरा रायला तसाच. त देवानं काय केलं? नवऱ्यासकट नाव बुडवली."

पोरं सतरंजीवरून पुढं सरकली.

"शिऱ्यासाठी?" चंदन म्हणाला.

"शिऱ्यासाठी. मंग ते परत गेली, शिरा खाल्ला, त नवरा वर आला."

"भिजला असंल तो," यशोधरा म्हणाली.

"भिजला असंलच ना. आता मले इचारा. नवरा जेलातून सुटून आला, त कोनती बाई शिऱ्याच्या वाटीसाठी थांबन? मी नसती थांबली. देव असा डूख धरत नाही, पोट्टेहो. डूख धरतेत ते नातेवाईक."

रविवारी चंदनच्या घरी पूजा झाली. आजोबा जानराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. घरात शंभर माणसं बोलावलेली. भटजी चौथ्या अध्यायात नाव बुडण्यापाशी आले आणि पहिल्या रांगेतून चंदन मोठ्यानं म्हणाला, "हे खोटं हाय. देव असं नाही करत. असं आपले जीवनकाका करतेत."

जीवनकाका तिथंच बसलेले होते. गेल्याच वर्षी बारशाला पहिल्या पंगतीत बसवलं नाही म्हणून आठ महिने बोलत नव्हते. अर्धी मंडळी तोंडात उपरणं कोंबून हसली. भटजींनी पोथीतलं एक पान चुकून दोनदा वाचलं. जीवनकाका तीर्थ न घेता निघून गेले. घरात मोठाच अनर्थ झाला, असं जानरावांना वाटलं. नाव मात्र कुणाचीच बुडाली नाही.

सोमवारी सकाळी जानराव शाळेत हजर. "देवाधर्माची टवाळी शिकवून राहिले तुमी! यालाच संस्कार म्हणता?"

त्याच दिवशी करिश्मा नावाच्या एका आईचा मेसेज आला. ती दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती. तिचं म्हणणं उलटं: चार वर्षांच्या मुलांना देव हवाच कशाला? त्यांना अजून डावा बूट कोणता ते कळत नाही. आणि दुपारी किशोर वानखडे येऊन गेला. घरी यशोधरानं त्याला विचारलं होतं, कलावतीचा नवरा भिजला तर त्याला सर्दी झाली का?

रागिणी मॅडमनी दोघांना चहा पाजला, मेसेजवालीला हात जोडल्याचं चित्र पाठवलं, आणि मग अशा वेळी संस्थाचालक जे करतात तेच केलं: माणिकबाईला प्रशिक्षणाला पाठवलं.

प्रशिक्षण अकोल्याला होतं, एका मंगल कार्यालयात, 'बालमन आणि मूल्यशिक्षण' या विषयावर, एका दिवसाचं. माणिकबाई बडनेऱ्याहून पॅसेंजरनं गेली. सोबत मंजुषा नावाची शाळेतली तरुण ताई होती. तिला नोंदी घ्यायला पाठवलं होतं आणि माणिकबाईनं काही बोलू नये हे पाहायलाही. पण वक्त्यांनी सुरुवातीलाच घात केला. कोट घातलेले, मृदू आवाजाचे गृहस्थ. म्हणाले, "मूल म्हणजे मातीचा गोळा. आपण द्याल तो आकार."

माणिकबाईनं हात वर केला. मंजुषानं तो खाली ओढला. तिनं दुसरा वर केला.

"साहेब, तुमच्याकडे वावर हाय काय?"

"नाही. का?"

"मातीत अगुदरच बी असते. तुमी काही पेरा नका पेरू, तण त येतेच. अन् ते माती मऊ दिसते, पण पान्यात पाय टाकसान त जोडा ठेवून घेते."

सभागृहात टाळ्या पडल्या. तिथं निम्म्या बाया शेतातून आलेल्या होत्या, म्हणून काळी माती काय करते हे त्यांना ठाऊक होतं. वक्ते हसले आणि पुढच्या स्लाइडवर गेले. जेवणात कढी चांगली होती. संध्याकाळी सगळ्यांना प्रमाणपत्रं वाटली. परतीच्या गाडीत माणिकबाईनं ते दोनदा वाचलं. त्यावर तिचं नाव 'सौ. मणिकाताई' असं छापलं होतं. शालिकरामनं घरी ते पाहिलं आणि विचारलं, "हे कोन बाई हाय?" पण त्यानंच ते खिळ्याला लटकवलं.

पालकसभा शनिवारी झाली. छोट्या छोट्या रंगीत खुर्च्यांवर मोठी मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली होती. जानराव बायकोला घेऊन आले होते. मनकर्णाबाई तिचं नाव. डोक्यावरून पदर, हातात पिशवी, तोंडाला कुलूप. माणिकबाईला सगळ्यांच्या पुढ्यात उभं केलं होतं. भाजीबाजारात ती कुणाच्या बापाला भीत नव्हती. पण इथं फळा होता, आणि फळ्यापुढं उभं राहिलं की तिला चौथीतले गुरुजी आठवायचे.

जानरावांनी तोंड उघडलं. "पहिले हे सांगा. तुमची देवावर श्रद्धा हाय की नाही?"

माणिकबाईनं खरं काय ते आठवून पाहिलं. "रोज नसते, भाऊ. कंदी असते. पाऊस लांबला का लय असते."

कुणीतरी हसलं. जानराव लाल झाले. "तुमाले कथा येत नाही, त सांगू नाही! कथा अशी हाय: साधुवाण्यानं प्रसाद खाल्ला नाही, म्हून देवानं त्याची नाव बुडवली. बरोबरच केलं. यात टवाळी करण्यासारखं काय हाय?"

"साधुवाण्यानं नाही," मागून आवाज आला.

सगळे वळले. मनकर्णाबाई होती.

"काय?"

"साधुवाण्यानं नाही. कलावतीनं. साधुवानी, म्हंजे तिचा बाप, खोटं बोलला, त्याच्या नावेत नुसता पालापाचोळा झाला. ते येगळं. प्रसाद तिनं टाकला."

"तू गप्प बस. मी दरसाल पूजा करतो."

"दरसाल तुमी तिसऱ्या अध्यायालेच झोपता," मनकर्णाबाई म्हणाली. "नारळ फोडाले मी उठवतो."

मग सभा कुणाच्या हातात राहिली नाही. एक आजोबा म्हणाले, नाव तिसऱ्याच अध्यायात बुडते. एक आई म्हणाली, चौथ्यात, आणि जावई जेलात नव्हताच, फक्त सासरा होता. दुसरीनं मोबाइलवर शोधलं. त्यात राजाचं नाव निघालं, पण अध्याय निघाला नाही. एकानं छातीठोकपणे सांगितलं की कलावती साधुवाण्याची बायको. त्याच्या बायकोनं कपाळावर हात मारला. पाऊण तास ही चर्चा चालली. भांडणाऱ्या सगळ्यांच्या घरी दरवर्षी पूजा व्हायची, आणि सगळ्यांना नक्की आठवत होता तो फक्त शिरा. करिश्मा शेवटपर्यंत घड्याळ पाहत बसली होती. ती म्हणाली, "हेच मी लिहिलं होतं. तुम्हालाच येत नाही, तर मुलांना कशाला?"

"आमाले येत नाही म्हून त शाळेत टाकलं!" एक बाप तळतळून म्हणाला. "इंग्रजीही येत नाही आमाले. ते शिकवता ना? तसंच हे शिकवा."

मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं.

किशोर वानखडे आतापर्यंत भिंतीला टेकून उभा होता. तो शांतपणे म्हणाला, "माझं एक ऐका. मी पोरीला वर्गातून काढा म्हटलं नव्हतं. देवाला वर्गातून काढा म्हटलं होतं. तुम्ही देव आत ठेवला अन् माझी पोरगी बाहेर. आणि या आजींनी चांगल्या मनानं देवच बाहेर आणून तिच्याभोवती बसवला. मला कुणीच विचारलं नाही."

माणिकबाईला ते लागलं. वऱ्हांड्यात सतरंजी ओढली त्या दिवशी आपण फार मोठं काम केलं, असं ती शालिकरामला सांगून बसली होती. ती फळ्यापासून दोन पावलं पुढं आली.

"तुमचं बराबर हाय, भाऊ. चुकलं माह्यं. मले वाटलं पोरगी एकटी बसली, मले पाह्यवलं नाही. पन तुमाले पुसाले पाह्यजे होतं."

"ती एकटी बसली होती?" किशोरनं मॅडमकडे पाहिलं.

मॅडम म्हणाल्या, "ब्रेक घेऊया. चहा आलाय."

चहा पिता पिता रागिणी मॅडमच्या डोक्यात तो उपाय आला. या बाईला धंद्याची अक्कल होती, हे मान्य करायला हवं. पुढच्या सोमवारी फाटकावरचा फलक उतरला आणि वेळापत्रकात 'संस्कार' खोडून तिथं 'भाषा विकास' असं लिहिलं गेलं. भाषेच्या विकासाला कुणाचाच विरोध नसतो. जानरावांना वाटलं, निदान संस्काराचं नाव बदनाम होणं थांबलं. करिश्माला वाटलं, देव गेला. पितांबरवाल्या गुरुजींच्या शाळेत दोन पोरं गेली, तिकडची एक इकडे आली. पांढरी साडी मॅडमनी परत घेतली. माणिकबाईलाही ती कधी आवडली नव्हती, तिच्यावर मातीचा डाग दिसायचा. तास तोच राहिला, वऱ्हांडा तोच, बाई तीच.

फक्त आता ती प्रत्येक पोराच्या घरी पुसून घ्यायची. फाटकाशी बाप दिसला की हाक मारायची, "भाऊ, बुधवारी मारुतीची सांगतो, चालन काय?" किशोरला तिनं म्हटलं, "तुमच्या बुद्धाची एखांदी मले सांगा, मी तेही सांगीन." तो म्हणाला, "तुम्ही नको. तुम्ही त्याच्या पोटाचंही काढाल. मीच येतो." आणि खरंच आला, शुक्रवारी, ड्युटीवरून तसाच. त्यानं बाण लागलेल्या हंसाची गोष्ट सांगितली: मारणाऱ्याचा हंस की वाचवणाऱ्याचा? वीस पोरं म्हणाली वाचवणाऱ्याचा. चंदन म्हणाला, हंसाले इचारा ना. किशोर हसत सुटला, आणि यशोधरा बापाकडे अशी पाहत होती, की जणू त्यानं स्वतःच तो हंस आणला आहे.

पोळा होऊन गेल्यावर एक दिवस मनकर्णाबाई भाजीला आली. चंदनला शाळेत सोडून ती कधी थांबत नसे. त्या दिवशी वांगी निवडत बसली. निवडून झालेली परत ठेवली, परत उचलली.

"एक बोलू काय वं?"

"बोल ना माय."

"कलावतीचं तू सांगतलं ना पोट्ट्यायले. कोनती बाई थांबन म्हून." तिनं इकडंतिकडं पाहिलं. "मी थांबली होती."

माणिकबाईनं हातातलं वजन खाली ठेवलं.

"नवं नवं लगन झालं होतं. हे अकोल्याले दवाखान्यात पडले होते, दोन महिने. टायफाइड. वाचतेत का नाही, अशी गत. अन् ज्या दिवशी घरी आले, त्या दिवशी सासूनं पूजा घातली होती. मले आतून यांचा खोकला ऐकू आला. उठली, त सासूनं पदर धरला. म्हणे, आरती होऊ दे, प्रसाद घे, मंग जाय. ते कलावती आठव. मी बसली. पाच अध्याय बसली. खोकला ऐकत बसली."

"मंग?"

"मंग काय. गेली, त हे झोपले होते." मनकर्णाबाईला एकदम हसू आलं, आणि हसताना डोळेही भरले. "तवापासून झोपूनच हायेत."

दोघी इतक्या मोठ्यानं हसल्या की गॅलरीतून मॅडम डोकावल्या. मनकर्णाबाईनं पदरानं तोंड पुसलं. मग तिनं विचारलं, यंदा घरी पूजा झाली तेव्हा चंदन बोलला ते तिला मनातून किती आवडलं, हे चंदनला सांगावं की नाही?

"सांग ना. काहून नाही?"

"बापाले सांगन तो. बाप आज्याले सांगन."

"सांगू दे. आता काय नाव बुडवतेत?"

मनकर्णाबाईनं पाव किलो वांगी पिशवीत टाकली, गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि सांगितलं की आज घरी जाऊन भरीत करणार आहे, श्रावण पाळणाऱ्या घरात महिनाभर कांदा-लसूण नव्हता, आता चांगला ठेचून घालते. मग ती शाळेच्या फाटकाशी गेली, सळ्यांतून आत वाकून वऱ्हांड्याकडे पाहिलं, आणि माणिकबाईचा तास सुरू व्हायला किती वेळ आहे असं आयाला विचारून तिथंच पायरीवर बसली.